विद्यापीठाने नाकारलेला विषय

शालान्त परीक्षेत इतिहासाच्या जोडीला बसविलेला, नद्यांची उगमस्थाने आणि देशांच्या राजधान्या पाठ करावयाचा विषय म्हणजे भूगोल, अशी आपल्या समाजाची सर्वसाधारण समजूत आहे. मुलगा हुशार निघाला तर तो गणिताकडे अथवा विज्ञानाकडे जावा, आणि त्याला भूगोलात पदवी घ्यावीशी वाटली तर घरातील वडील मंडळींनी काळजीत पडावे, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव. भूगोलात आता शिकावयाचे उरले आहे काय, सारे नकाशे तर केव्हाच तयार झाले, असा प्रश्नही पुष्कळदा विचारला जातो. हा प्रश्न केवळ आपल्याकडेच विचारला गेला असे मात्र नाही. अमेरिकेतील सर्वांत जुन्या विद्यापीठाने तो विचारला, त्याचे नकारार्थी उत्तर दिले, आणि भूगोलाला दाराबाहेर काढले. पुढे सतराच वर्षांनी तोच विषय त्याच विद्यापीठात दुसऱ्या दाराने आणि दुसऱ्या वेषात परत आला. ही हकीगत बोधप्रद आहे. ती सांगण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

विद्यापीठांनी भूगोल जवळ करण्यापूर्वी तो कोणाजवळ होता? तो प्रवाशांजवळ, खलाशांजवळ, धर्मोपदेशकांजवळ आणि लष्करी मोजणीदारांजवळ होता. १५७९ साली अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून जे जेझुइट मंडळ निघाले, त्यात फादर आंतोनियो मोन्सेर्रात हे होते. वाटेतील स्थळांचे अक्षांश मोजीत हे गृहस्थ फत्तेपूर सिक्रीस पोहोचले, पुढे बादशहाच्या काबूलच्या स्वारीतही गेले, आणि त्यांच्या वृत्तान्तासोबत हिंदुस्थानचा एक छोटा नकाशा मागे राहिला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८०२ साली, विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ झाला. त्रिकोणाला त्रिकोण जोडीत हा माणूस वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ साली तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला; तेथे त्याची समाधी आहे. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने ज्या आकडेमोडीत मोठा वाटा उचलला, तिच्यातून जगातील सर्वोच्च शिखराची २९,००२ फूट ही उंची निघाली व ती १८५६ साली जाहीर झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या कचेरीत सिकदारांच्या हुद्द्याचे नाव 'कम्प्यूटर' असे होते. कम्प्यूटर म्हणजे तेव्हा यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारा माणूस.

एवढे अचाट काम झाले, पण ते विद्यापीठात झाले नाही. विद्यापीठात भूगोलाचे बीज रुजले ते जर्मनीत. बर्लिन विद्यापीठात १८२० साली कार्ल रिटर यांना भूगोलाचे अध्यापन सोपविण्यात आले. त्याच शहरात १८२७-२८ च्या हिवाळ्यात अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी सृष्टीच्या एकत्वावर दिलेल्या व्याख्यानांना लोकांनी गर्दी केली. एखादी वनस्पती अमुक उंचीवरच का उगवते, अमुक ठिकाणीच वस्ती का होते, असा 'कोठे' आणि 'का' यांचा संबंध जोडण्याची दृष्टी या दोघांनी दिली. दोघेही १८५९ साली निवर्तले आणि रिटर यांची जागा पुष्कळ काळ रिकामीच राहिली. पुढे १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला, तेव्हा फ्रान्समध्ये अनेकांनी आपल्या अपयशाचा दोष आपल्या भूगोलविषयक अज्ञानालाही दिला. प्रशियानेही १८७४ साली आपल्या विद्यापीठांत भूगोलाची अध्यासने निर्माण करण्याचे ठरविले. म्हणजे ज्ञानाच्या ओढीने जे झाले नाही ते राज्याच्या गरजेने झाले. भूगोलाच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा आढळते.

इंग्लंडची कथा याहून मौजेची आहे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने आपल्या पदरचे पैसे घातले तेव्हा १८८७ साली ऑक्सफर्डने भूगोलासाठी एक जागा निर्माण केली, आणि तीवर हॅलफर्ड मॅकिंडर या सव्वीस वर्षांच्या तरुणाची नेमणूक झाली. त्याच्या पहिल्या व्याख्यानाला श्रोते किती होते? तीन! त्यांपैकी एक विद्यापीठातीलच अध्यापक होते. प्रवाशांसाठी छापलेले मार्गदर्शक पुस्तक आपण नुकतेच अथपासून इतिपर्यंत वाचले असल्यामुळे स्वित्झर्लंडचा भूगोल आपल्याला ठाऊक आहे, असे त्यांनी सांगितले. उरलेल्या दोघी स्त्रिया होत्या, आणि त्या आपले विणकाम बरोबर घेऊन आल्या होत्या. ही आठवण स्वतः मॅकिंडरनेच सांगितली आहे. तीन श्रोत्यांपासून निघालेला हा उद्योग बारा वर्षांनी, १८९९ साली, ऑक्सफर्डच्या भूगोल-शाळेच्या रूपाने उभा राहिला. निसर्गाची शास्त्रे एका तीरावर आणि मानवाची शास्त्रे दुसऱ्या तीरावर, यांच्यामध्ये भूगोलाने पूल व्हावे, ही मॅकिंडरची भूमिका होती.

पूल होणे ही गोष्ट बोलायला सुंदर आहे. परंतु पुलाचे एक दुर्दैव असते. दोन्ही तीरांवरचे लोक त्यावरून जातात, आणि दोन्ही तीरांवरचे लोक म्हणतात, हा आमचा नव्हे! हार्वर्ड विद्यापीठात नेमके हेच झाले. तेथे भूगोल हा भूगर्भशास्त्राच्या विभागात आश्रिताप्रमाणे राहत होता. डरवेंट व्हिट्लसी हे त्याचे प्रमुख प्राध्यापक. १९४७ साली भूगोलाच्या एका तरुण अध्यापकाच्या बढतीचा प्रश्न निघाला, आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी तक्रार केली की, आपल्या वाट्याच्या जागा या विषयाकडे जातात. वाद विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांच्याकडे गेला. कोनंट स्वतः रसायनशास्त्रज्ञ. भूगोल म्हणजे नेमके काय, त्याचा स्वतःचा असा प्रांत कोणता, हा प्रश्न पुढे आला, आणि तो तपासणाऱ्या समितीला याचे स्पष्ट उत्तर मिळेना. अध्यक्ष विल्सन यांच्याबरोबर १९१९ च्या पॅरिस परिषदेला गेलेले नामवंत भूगोलज्ञ आयझाया बोमन हे खुद्द हार्वर्डचे विद्यार्थी. पण त्यांनीही विषयाची बाजू ठामपणे उचलून धरली नाही. त्यातच भर म्हणून विद्यापीठाच्या आवारात एका धनाढ्य प्रवाशाने आपल्या पैशांनी उभारलेली भौगोलिक संशोधनाची स्वतंत्र संस्था होती, आणि तिला विद्वानांत मान नव्हता. व्यक्तिगत रागलोभही होतेच. शेवटी १९४८ साली, भूगोल हा विद्यापीठात शिकविण्याजोगा विषय नव्हे असा निष्कर्ष काढून कोनंट यांनी तो बंद केला.

हार्वर्डने दिवा मालविला की इतरांनाही अंधार दिसू लागतो. पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत भूगोल विभागांवर गदा आली. १९८० च्या दशकात मिशिगन आणि शिकागो येथील नामांकित विभागही टिकले नाहीत. परंतु ज्ञानाचे एक वैशिष्ट्य असे आहे की, एका अंगणातून उपटलेले रोप वाऱ्याने भलत्याच अंगणात जाऊन पडते. हार्वर्डमध्ये शिकविणारे एडवर्ड उलमन हे १९५१ साली थेट दुसऱ्या किनाऱ्यावर, सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तेथे विल्यम गॅरिसन या तरुण प्राध्यापकाभोवती १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांचा एक विलक्षण मेळावा जमला. भूगोलाच्या वर्गात संख्याशास्त्र शिकविले जाऊ लागले, आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या संगणकयंत्रावर बाजारपेठांची अंतरे व रस्त्यांची जाळी यांची गणिते होऊ लागली. त्या विद्यार्थ्यांपैकी वॉल्डो टोब्लर यांनी १९५९ साली एक लेख लिहून, नकाशा काढण्याचे काम यंत्राकडून कसे करून घेता येईल, याचा आराखडा मांडला. जवळच्या गोष्टींचा परस्परसंबंध दूरच्या गोष्टींपेक्षा अधिक असतो, हा साधा वाटणारा सिद्धान्तही पुढे १९७० साली त्यांनीच सांगितला. तो आपल्याला हास्यास्पद वाटेल. पण दोन विहिरींच्या पाण्यावरून मधल्या शेतात पाणी कितपत लागेल याचा अंदाज बांधणारा शेतकरी याच नियमावर चालत असतो.

आता यंत्र नकाशाचे करते काय, ते पाहू. समजा, एखाद्या तालुक्यात फळबाग लावण्यास योग्य जमीन शोधावयाची आहे. मातीचा एक नकाशा आहे, पावसाचा दुसरा, उताराचा तिसरा, रस्त्यांचा चौथा, आणि सर्व्हे नंबर दाखविणारा गाव-नकाशा पाचवा. हे सारे एकाच प्रमाणावर पारदर्शक कागदावर काढून एकावर एक ठेवले, आणि खालून दिवा लावला, तर जेथे सर्व गोष्टी जुळतात ती जागा दिसून येते. पद्धत सोपी आहे, पण मुलूख मोठा असला की ती चालत नाही. १९६० च्या आसपास रॉजर टॉमलिन्सन हा इंग्लंडमध्ये जन्मलेला भूगोलज्ञ कॅनडातील एका विमान-सर्वेक्षण कंपनीत काम करीत होता. पूर्व आफ्रिकेत केनिया येथे वृक्षलागवडीसाठी जागा शोधण्याचे काम कंपनीपुढे आले. हाताने नकाशे तपासण्याचा खर्च इतका अवाढव्य निघाला की, ते काम सोडून द्यावे लागले. टॉमलिन्सनच्या मनात आले, हे संगणकाला का सांगू नये?

योगायोग असा की, १९६२ साली विमानप्रवासात त्याच्या शेजारी कॅनडा सरकारच्या भूमिगणना खात्याचे ली प्रॅट हे अधिकारी बसले होते. त्या खात्याला सुमारे १० लक्ष चौरस मैलांच्या प्रदेशाची पाहणी करून शेती, वने, वन्यप्राणी आणि करमणुकीची स्थळे यांसाठी जमिनीची प्रतवारी लावावयाची होती. नकाशे हजारोंनी तयार होणार. ते वाचावयाचे कोणी? या संभाषणातून 'कॅनडा भौगोलिक माहिती प्रणाली' जन्मास आली, आणि तिच्यातूनच भौगोलिक माहिती प्रणाली हे नाव जगभर रूढ झाले. आज त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन सर्वजण 'जीआयएस' म्हणतात. नकाशावरील प्रत्येक रेघ अंकांत उतरवावयाची, प्रत्येक तुकड्याला त्याची माहिती जोडावयाची, आणि मग यंत्राला प्रश्न विचारावयाचा, एवढेच तिचे सूत्र. आपल्या सातबाऱ्याचा उतारा आणि गाव-नकाशा एकत्र बांधले, तर जे होईल तेच हे, फक्त प्रमाण प्रचंड.

आणि आता पुन्हा हार्वर्डकडे वळू. ज्या विद्यापीठाने १९४८ साली भूगोल नाकारला, तेथेच १९६५ साली फोर्ड प्रतिष्ठानच्या देणगीतून संगणकीय नकाशांची प्रयोगशाळा उघडली गेली. ती उघडणारे हॉवर्ड फिशर भूगोलज्ञ नव्हते. ते वास्तुविशारद होते, आणि प्रयोगशाळाही वास्तुरचनेच्या शाखेत होती. त्यांच्या 'सायमॅप' या आज्ञावलीने काढलेले नकाशे आज पाहिले तर हसू येईल. छपाईयंत्रावर अक्षरांवर अक्षरे उमटवून गडद आणि फिकट छटा तयार केल्या जात. पण त्या ओबडधोबड कागदांनी शेकडो नियोजनकारांना प्रथमच आपले शहर आकड्यांतून दिसले. तेथेच शिकलेल्या जॅक डेंजरमंड याने १९६९ साली पत्नी लॉरा हिच्यासह कॅलिफोर्नियात एक छोटी संस्था काढली. 'एझ्री' या नावाने ती आज या क्षेत्रातील जगातील अग्रगण्य कंपन्यांत गणली जाते. प्रयोगशाळा मात्र १९९१ साली बंद झाली. २००६ साली हार्वर्डने भौगोलिक विश्लेषणाचे केंद्र पुन्हा स्थापन केले. भूगोलाचा स्वतंत्र विभाग मात्र तेथे आजही नाही. हत्यार परत आले. शास्त्राला अद्याप घर मिळालेले नाही.

येथे खरा प्रश्न उपस्थित होतो. यंत्र हाती आले की शास्त्राची गरज संपते काय? हीच शंका १९८० च्या दशकात भूगोलज्ञांनाही छळू लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८८ साली सांता बार्बारा, बफलो आणि मेन येथील विद्यापीठांत मिळून एक राष्ट्रीय केंद्र स्थापन केले, आणि १९९० साली त्याने विद्यापीठांसाठी ७५ व्याख्यानांची टिपणे तयार करून दिली. १९९२ साली मायकेल गुडचाइल्ड यांनी असे प्रतिपादन केले की, प्रणालीच्या पाठीमागे एक विज्ञान आहे: नकाशातील चूक कशी मोजावी, गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना काय गमावले जाते, कोणत्या घटकावर माहिती गोळा करावी, हे प्रश्न यंत्र सोडवीत नाही. 'भौगोलिक माहितीविज्ञान' हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

हे प्रश्न पुस्तकी आहेत असे कोणी समजू नये. सातारा जिल्ह्याचे उदाहरण घ्या. त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास असतो. आता यंत्राला जिल्ह्याची सरासरी विचारली, तर ते क्षणात सांगेल, आणि आकडा अचूक असूनही तो जिल्ह्यातील कोणत्याच गावाचा नसेल. त्या सरासरीवर योजना आखली तर माणची माणसे कागदोपत्री भिजतील आणि प्रत्यक्षात तहानलेली राहतील. मोजण्याचा घटक बदलला की नकाशा बदलतो, हा या शास्त्रातील एक मूलभूत धडा आहे.

बेळगाव आणि सीमाभागातील श्रोत्यांना हा धडा मी काय शिकवावा? त्यांनी तो आयुष्यभर जगून पाहिला आहे. भाषेची सीमा आखताना जिल्हा हा घटक धरावा, तालुका धरावा की गाव धरावे, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा निर्णय पाटसकरांनी गाव हा घटक धरून दिला, आणि १९५९ साली त्याप्रमाणे कायदा झाला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, त्यावरून मतभेद झाले, आणि २००४ साली महाराष्ट्राने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. तो वाद येथे सोडविण्याचा माझा अधिकार नाही व हेतूही नाही. सांगावयाचे एवढेच की, तीच माणसे, तीच घरे आणि तीच शिरगणती असूनही, घटक कोणता धरला यावर नकाशाचा रंग अवलंबून असतो. घटक ठरवितो तो माणूस. यंत्र फक्त रंग भरते. म्हणून नकाशा पाहताना तो कोणी काढला, कशासाठी काढला आणि काय धरून काढला, हे तीन प्रश्न विचारणारा नागरिक घडविणे हे भूगोलाच्या अध्यापनाचे खरे काम होय.

आपल्या देशाला या विद्येची परंपरा नवी नाही. १९२० च्या दशकात अलीगढला विद्यापीठीय भूगोलाचे अध्यापन सुरू झाले, आणि मग इतर विद्यापीठांनीही तो मार्ग धरला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून भूमी वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था १९६६ साली डच सहकार्याने देहरादूनला निघाली. १९८८ साली आपला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला. हैदराबादेत तर उपग्रहांची माहिती घेणारे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र आणि सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था अशा दोन्ही गोष्टी आहेत. अनेक वर्षे आपल्याकडे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाच्या हाती सहज पडत नसत. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने हे निर्बंध भारतीय संस्थांसाठी पुष्कळ सैल केले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण जाहीर झाले. पाणलोट, पूर, पीकपाहणी, शहरांची वाढ, साथीचे रोग, या सर्वांच्या कामी आता ही विद्या लागते. मुलाने वा मुलीने भूगोलात पदवी घ्यावीशी म्हटले, तर वडिलांनी पूर्वीइतके घाबरण्याचे कारण उरलेले नाही.

तथापि एक इशारा दिला पाहिजे. यंत्रावर नकाशा काढण्याचे कसब काही महिन्यांत शिकता येते, आणि ते शिकविणारे वर्ग गल्लोगल्ली निघू शकतात. तेवढ्यासाठी विद्यापीठाची तीन-चार वर्षे खर्च करावयाची गरज नाही. विद्यापीठाने द्यावयाचे ते वेगळे आहे. पडद्यावर दिसणारा हिरवा ठिपका म्हणजे रान आहे की उसाचा फड, हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्याने शिवारात पायी गेले पाहिजे. माती हातात घेतली पाहिजे, गावच्या म्हाताऱ्यांना ओढ्याचे जुने पात्र विचारले पाहिजे, आणि मग आकड्यांकडे वळले पाहिजे. लॅम्बटन वीस वर्षे चालला, सिकदारांनी वर्षानुवर्षे आकडेमोड केली. चालणे आणि मोजणे या दोहोंची सांगड म्हणजेच हे शास्त्र. त्यातील चालणे गाळले तर उरते ती केवळ कारकुनी, मग ती कितीही वेगवान यंत्रावर होवो.

हार्वर्डच्या विद्वानांनी १९४८ साली भूगोलाची व्याख्या मागितली, आणि ती न मिळाल्याने त्याला निरोप दिला. त्यांची मागणी अगदीच चुकीची होती असे नाही. ज्या शास्त्राला आपले प्रयोजन सांगता येत नाही, त्याने जागेचा हट्ट धरू नये. पण शास्त्रे व्याख्येवर जगत नाहीत, ती प्रश्नांवर जगतात. हे येथेच का आहे, तेथे का नाही, आणि शेजारच्या गोष्टीशी त्याचे नाते काय, हा प्रश्न जोवर माणसाला पडतो, तोवर भूगोलाला मरण नाही. आपल्या शाळांतून आपण मुलांना उत्तरे पाठ करावयास लावतो. त्याऐवजी आपल्याच गावाचा नकाशा पुढे ठेवून त्यांना हा प्रश्न विचारावयास शिकविले, तर उद्याच्या विद्यापीठांना या विषयाची उपयुक्तता कोणी पटवून द्यावी लागणार नाही.